कुंड्यांचा चातुर्मास : एक स्थलांतरमीमांसा

आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत साधुसंन्याशांनी प्रवास करू नये, एका जागी राहावे, असा दंडक आहे. फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंड्यांना तो मान्य नाही. एरवी ढिम्म बसलेल्या या कुंड्या नेमक्या याच काळात ग्रिलपासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून ग्रिलपर्यंत येरझारा घालतात. या येरझारांचा शास्त्रशुद्ध विचार आजवर झालेला नाही. शेजारणींनी केला आहे, पण तो मौखिक परंपरेत मोडतो.

कोणत्याही शास्त्राला चार अनुबंध लागतात. इथे विषय कुंडी. प्रयोजन ती जगवणे. संबंध कुंडी आणि कंबर यांचा. आणि अधिकारी तोच, ज्याला घरात दुसरे काम कोणी सांगत नाही.

मूळ प्रश्न : पाऊस पडत असताना झाडांना पाणी घालावे काय?

पूर्वपक्ष म्हणतो, घालू नये. बाहेर धो धो कोसळत असताना हातात झारी घेऊन गॅलरीत उभा राहिलेला गृहस्थ पाहून समोरच्या इमारतीतले लोक एकमेकांना खुणा करतात.

उत्तरपक्ष असा, की खुणा करणाऱ्यांचा भूगोल कच्चा आहे. सातारा जिल्हा एकच. पण त्यातल्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि पूर्वेकडच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. ढग तेच, सरकार तेच. मध्ये डोंगर आडवा आला, एवढेच. गॅलरीत हे काम वरच्या मजल्याचा स्लॅब करतो. ग्रिललगतची वीतभर पट्टी म्हणजे महाबळेश्वर. तिथून दोन पावलांवर, भिंतीशी, माण. जून ते सप्टेंबर पाऊस मुख्यतः पश्चिम-नैऋत्येच्या वाऱ्यावर येत असल्याने पश्चिमेची गॅलरी झड खाते आणि पूर्वेच्या गॅलरीत ऐन आषाढात टँकर लावायची पाळी येते.

शंकेखोरांसाठी प्रमाण देतो. रात्री झोपताना आमटीच्या दोन सारख्या वाट्या घ्याव्यात, एक ग्रिलशी ठेवावी, एक भिंतीशी. सकाळी पहिली काठोकाठ भरलेली असते आणि तीत तेरड्याची पाकळी तरंगत असते. दुसरीच्या तळाशी चुन्याचा एक पोपडा आणि एक मुंगी मिळते. मुंगी कोरडी असते. याउपर वाद घालणाऱ्याने आपली वाटी घेऊन यावे.

दररोजच्या निर्णयाचे उपकरण म्हणजे तर्जनी. ती मातीत दोन पेरं खुपसावी. माती बोटाला चिकटली तर झारी खाली ठेवावी, भुरभुर झडली तर समोरच्यांना खुशाल खुणा करू द्याव्यात. तर्जनीचे हे प्रामाण्य तुळशीपाशी मात्र संपते. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी पडतेच, मग ती आदल्या रात्रीपासून महाबळेश्वरात का उभी असेना. श्रावणात कित्येक तुळशी मुळे कुजून जातात त्या रोगाने नव्हे, भक्तीने. उपाय इतकाच, की कुंडीचे भोक मोकळे आहे ना ते पाहावे. श्रद्धेला हात लावू नये, भोकात काडी घालावी.

नक्षत्रविचार

मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्या दिवशी हौशी माळ्याच्या अंगात शेतकरी संचारतो आणि कारली, दोडका, भेंडी यांचे बी एकाच कुंडीत पडते. पुढे पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा म्हणतात. या दोहोंच्या राज्यात पहिले स्थलांतर उरकावे. कोरफड आणि निवडुंग भिंतीशी, अळू आणि गवती चहा ग्रिलशी. कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा तरी पालथी करावी, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंड्यापासून पंखांपर्यंतचे शिक्षण साधारण तेवढ्याच काळात पुरे करतो.

श्रावणाच्या सुमारास कारल्याच्या वेलाला पिवळी फुले येतात, गळतात, पुन्हा येतात, पुन्हा गळतात. घरात ‘दृष्ट लागली’ हा सिद्धांत मांडला जातो. वास्तविक आधी येतात ती नर फुले. मादी फूल मागून येते आणि त्याच्या पाठीशी बोटाच्या नखाएवढे, खडबडीत, तयार कारले असते. वरच्या मजल्यांवर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून सकाळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, त्याचे केसर मादी फुलाला हलकेच टेकवावे लागतात. हे विवाह लावणाऱ्यास दक्षिणा म्हणून कारलेच मिळते.

दक्षिणायनाची अडचण

आता खरा पेच. पुण्या-मुंबईकडे सूर्य मेच्या मध्याला डोक्यावर येतो, उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत ऐन पावसाळ्यात माध्यान्हीचे ऊन मुळीच नसते. उरलासुरला उजेड मिळतो तो ग्रिलशी, आणि झोडपणारा पाऊसही तिथेच. उजेड हवा तर पूर घ्या, कोरडे राहायचे तर अंधारात बसा. जास्वंद या दोन्हींच्या मध्ये उभी राहते आणि पिठ्या ढेकणाला घरात घेते.

दसऱ्याच्या आगेमागे सगळी मांडणी उलटते. कललेले ऊन स्लॅबखालून आत शिरते, भिंतीवर चढते, आणि वर्षभराची माण तालुक्यातली कुंडी प्रकाशात येते. हे दुसरे स्थलांतर. मनीप्लांट ग्रिलवरून मागे घ्यावा, नाहीतर ऑक्टोबरचे ऊन त्याचा पापड करते. आणि मेथी पुढे आणावी. धने पेरायचे असल्यास आधी रगडून त्यांचे दोन भाग करावेत. हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडत, वाटेल त्या बाजूने येतो, त्यामुळे जूनमध्ये सिद्ध केलेला वाऱ्याचा नियम इथे कोणी काढू नये.

शेवंतीला रात्र लांब लागली की कळ्या धरतात. गॅलरीतला दिवा रात्रभर जळत असेल तर ती दिवस संपायची वाट बघत बसते. तिला फुलवायचे खत बटणाच्या बोर्डवर मिळते.

अनिर्णित प्रश्न

वरच्या मजल्यावर सकाळी झाडांना पाणी घातले जाते, तेव्हा आमच्या ग्रिलवर शेणखतयुक्त वृष्टी होते. मोसमी पावसाचा खंड पडतो, हिचा नाही. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन दिलेले असते : बेडूक, म्हैस, मेंढा, गाढव. या वृष्टीचे वाहन बादली असावे, असे आमचे मत. खालच्या मजल्याने याच विषयावर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी मत दिले आहे. त्यात वाहनाचा निर्देश नाही. आमच्या फ्लॅटचा नंबर आहे.