टीला काय आहे?

लीड्स

ती. बाबा आणि ती. आईंना,
शि. सा. नमस्कार.

तुमचे व्हिसा आले हे कळलं, इकडे आनंदीआनंद आहे. सामानाची यादी आईंना वेगळी पाठवली आहे. हे पत्र खास बाबांसाठी. बाबा, तुम्ही जन्मभर शाळेत ‘टी म्हणजे चहा’ शिकवलंत. तेवढं सोडून बाकी इंग्रजी घेऊन या.

इथे यॉर्कशायरमध्ये बहुतेक घरांत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. तेही पाच-साडेपाचला. दुपारचं जेवण ते डिनर. म्हणून शाळेत मुलांना वाढणाऱ्या बायका डिनर लेडी. आणि चहा? तो ब्रू. तेव्हा शेजारच्या आजींनी ‘टीला या’ म्हटलं, तर आधी चिवडा-लाडू खाऊन निघू नका. बटाटे, मटार, वर ग्रेव्ही, असं भरलं ताट समोर येतं. ‘ब्रू घेणार का’ असं विचारलं, तरच चहा-बिस्कीट. (आजी तुम्हाला ‘लव्ह’ म्हणतील. इथे बसचा ड्रायव्हरही म्हणतो. आईंनी मनावर घेऊ नये.)

दुकानात यॉर्कशायर टीची खोकी दिसतील. त्यात मात्र चहाच असतो, आसाम-केनियातून आलेला! पुण्याच्या हॉटेलांत ज्या हाय टीची एवढी ऐट, ते मुळात इथल्या कामकरी घरांचं दमून आल्यावरचं पोटभर जेवण. काकडीची नाजूक सँडविचेस खातात तो आफ्टरनून टी, तो वेगळा.

सोनू शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आत विचारते, ‘आई, टीला काय आहे?’ काल म्हटलं, ‘टीला पिठलं-भात.’ ती खूश. तुमच्या चिरंजीवांना मात्र ठसका लागला. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी आपले विरोधक सरकारच्या चहापानावर बहिष्कार टाकतात, हे इथे कुणाला सांगायची सोय नाही. केवढं जेवण बुडालं म्हणून हळहळतील.

हेडिंग्लेला तुम्हाला कसोटी दाखवायची आहे. तिथला टी तुमच्या ओळखीचा, वीस मिनिटांचा. तेवढ्यात दशम्या-चटणी उरकू.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
सूनबाई

ता. क. : ओट्याजवळ टांगलेला टी टॉवेल भांडी पुसायचा आहे. बाबांनी अंघोळीला नेऊ नये.