कन्सल्टन्सीचा फोन आला असता

नोकरीच्या संकेतस्थळावरच्या आपल्या बायोडेटाला सकाळी लवकर हात लावून ठेवावा. बदलण्यासारखं काही नसेल तर एखादा स्वल्पविराम काढावा, उद्या परत घालावा. बायोडेटा ‘आजच अद्ययावत’ झाला की दुपारच्या आत फोन येतो. तो साधारणपणे तुम्ही अंधेरीच्या पुलावर, मेट्रोतून उतरून लोकलकडे वाहत चाललेल्या गर्दीत असतानाच येतो. ‘‘सर, राइट टाइम टु टॉक?’’ मुंबईकराला अशी वेळ कधीच नसते, हे सांगत बसू नये. कठड्याला लागून उभं राहावं आणि ‘हो’ म्हणावं.

पलीकडच्या पोराला (आवाजावरून कळतं, कॉलेज सुटून फार दिवस झालेले नाहीत) तुमच्याविषयी काडीचं कुतूहल नसतं. त्याच्यासमोर एक्सेलचा तक्ता असतो आणि त्यातले रकाने ठरलेले असतात: एकूण अनुभव, रिलेव्हंट अनुभव, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पीरियड, हातात दुसरी ऑफर. म्हणून उत्तर रकान्यात मावेल एवढंच द्यावं. ‘‘रिलेव्हंट किती?’’ म्हटल्यावर भाबडी माणसं पहिल्या प्रोजेक्टपासून सुरुवात करतात. ‘सहा’ म्हणावं. कशातले सहा, हे तो विचारत नाही.

ठिकाणाच्या रकान्याला मात्र वेळ द्यावा. फोन करणारा बऱ्याचदा नोएडात किंवा हैदराबादेत बसलेला असतो आणि त्याच्या लेखी मुंबई हे एकच ठिकाण. ‘‘सर, आप बोरिवली, ऑफिस मुलुंड. मॅप पे तो बाजू में है.’’ खरंच बाजूला आहे. मध्ये फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात बिबटे राहतात, आणि बिबट्यांना ऑफिस नसल्यामुळे तिथून आडवी लोकल कुणी टाकली नाही. तुम्हाला दादरपर्यंत खाली जाऊन मध्य रेल्वेनं पुन्हा वर चढायचंय, नाहीतर अंधेरीला उतरून मेट्रोनं घाटकोपर आणि तिथून मुलुंड. ही ११.४ किलोमीटरची मेट्रो जून २०१४ मध्ये आली म्हणून हे निदान बोलता तरी येतं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत, पण तुमचं कंत्राट सहा महिन्यांचं आहे. तेव्हा बिबट्यांचा विषय काढू नये. ‘‘हायब्रिड असेल तर चालेल,’’ एवढंच म्हणावं.

मुलुंडकरांसाठी वेगळी सूचना. ऑफिस ऐरोलीला असेल तर हाच पोरगा अतिशय हळुवारपणे विचारतो, ‘‘सर, ये तो नवी मुंबई है, रिलोकेट करोगे?’’ खाडीवरचा पूल ओलांडला की ऐरोली, हे त्याला कळू देऊ नये. सुस्कारा टाकावा, घरी विचारून सांगतो म्हणावं, आणि संध्याकाळी दर वाढवून होकार द्यावा.

आता दर. एजंट आधी तुमचा आकडा काढून घ्यायला बघतो, कारण क्लायंटनं दिलेला आकडा त्याच्याकडे असतो आणि दोन्हींमधलं अंतर हाच त्याच्या कंपनीचा संसार. ‘‘बजेट किती आहे?’’ असं उलट विचारावं. तो म्हणेल, ‘‘सर, बजेट इज नो कॉन्स्ट्रेंट.’’ या वाक्यानंतर बजेट नेहमी कमी निघतं. मग सीटीसी फोडून मागावा. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ तुमच्याच आकड्यातून कापलेला सापडेल, आणि खाली मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्यात ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नोकरीला एक वर्ष पुरतं. तुमचं कंत्राट, पुन्हा एकदा, सहा महिन्यांचं. तो आकडा कागदावर बघून घ्यावा. दर्शनाचं समाधान मिळतं. पगारपत्रक कुणाचं, हेही इथेच विचारून टाकावं. कारण क्लायंट एक, त्याचा व्हेंडर दुसरा, त्या व्हेंडरचा सब-व्हेंडर तिसरा, आणि फोन करणारा चौथ्याच्या वतीनं बोलत असू शकतो.

ही साखळी काही या पिढीनं शोधलेली नाही. गिरणगावात जॉबर होता. माणसं कामावर घेणं त्याच्या हातात, आणि त्याची दस्तुरी कामगाराच्या खिशातून. सकाळी गिरणीच्या फाटकावर बदलीवाले उभे राहत, कुणाला आत घ्यायचं ते तो ठरवी. त्याचा हा हात आखडावा म्हणून गिरणीमालक संघानं १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली. पण जॉबर निदान डोळ्यांना दिसायचा, शिव्या समोर जाऊन देता यायच्या. आजच्या एजंटला उलट फोन लावला तर तो लागतच नाही. दस्तुरी मात्र आता क्लायंट देतो, आणि ही खरी प्रगती आहे. त्यामुळे नोंदणी फी, ट्रेनिंगचा खर्च, लॅपटॉपचं डिपॉझिट असलं काही कुणी मागितलं तर मार्गदर्शिका बाजूला ठेवून फोन कापावा. तो एजंट नव्हे, चोर आहे.

पॅनमधले चार आकडे आणि जन्मतारीख हा शेवटचा प्रश्न. तो पत्रिका जुळवायला नसतो. एकच उमेदवार दोन व्हेंडरांनी पाठवला तर क्लायंटच्या पोर्टलवर ते यावरून पकडलं जातं, आणि दोघांच्या भांडणात पुष्कळदा उमेदवारच बाद होतो. म्हणून आधी क्लायंटचं नाव, मग आकडे. नाव विचारलं की तो आवाज खाली आणतो: ‘‘कॉन्फिडेन्शिअल है सर, बट व्हेरी रेप्युटेड एमएनसी.’’ आपणही आवाज खाली आणून म्हणावं, ‘‘मेल पाठवा, त्यावर संमती देतो.’’ मेल येतो, त्यात नाव असतं.

त्यानंतर ‘‘गेट बॅक करता हूं’’ म्हणून तो अंतर्धान पावतो आणि दोन दिवसांत दुसरीकडून त्याच कामासाठी फोन येतो, तेच जॉब डिस्क्रिप्शन, त्यातल्या त्याच चुका, दर मात्र आणखी खाली. तिसरा फोन येईपर्यंत त्या कामाची माहिती तुम्हालाच जास्त झालेली असते. तिसऱ्याला क्लायंटचं नाव विचारू नये. त्याला ते बहुधा ठाऊक नसतं. आपणच सांगावं, सावकाश, स्पेलिंगसकट. तो लिहून घेतो आणि थँक्यू म्हणतो.