स्वावलंबी

फ्रंट-एंडच्या प्रत्येक टीममध्ये एक स्वावलंबी असतो. दुसऱ्यानं लिहिलेलं फंक्शन त्याला परान्नासारखं वर्ज्य. सर्चबॉक्समध्ये माणूस टाइप करायचा थांबेपर्यंत सर्व्हरला त्रास देऊ नये, यासाठी लोडॅशमध्ये तयार डिबाउन्स आहे. तसं कुणी सुचवलंच, तर हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "त्यात काय एवढं? एक सेटटाइमआउट लावला की झालं. दहा मिनिटांचं काम."

ही दहा मिनिटं सोमवारी सुरू होतात. गुरुवारी टेस्टर कळवते की पान बदलल्यावरही टायमर चालूच आहे. "पण पान बदलायचंच कशाला?" स्वावलंबी विचारतो.

रकमेत लाख-कोटींचे स्वल्पविराम घालायची सोय ब्राउझरमध्येच आहे. इंटल डॉट नंबरफॉरमॅटला भारतीय पद्धत हवी म्हणून सांगितलं, की 1234567 चे 12,34,567 होतात. स्वावलंब्यानं त्यासाठी चाळीस ओळी लिहिल्या. शेवटचे तीन आकडे बाजूला, उरलेल्यांच्या जोड्या. सुरेख चाललं. मग एका ग्राहकाला पाचशे रुपये परत करायची वेळ आली आणि पडद्यावर उमटलं: -,500. यावर त्याचं म्हणणं, "आपण पैसे परतही देतो, हे मला कुणी सांगितलं होतं?"

फार डिवचलं तर तो ठेवणीतलं अस्त्र काढतो. "मार्च 2016!" हे तो पानिपतची तिथी सांगावी तशा आवाजात म्हणतो. लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरच्या टीमचे बिल्ड धडाधड कोसळले. इथे सगळे गप्प होतात, कारण मुद्दा खराच आहे. पुढची गोष्ट मात्र तो सांगत नाही. मजकुराच्या डाव्या बाजूला भर घालायची ती सोय 2017 मध्ये पॅडस्टार्ट या नावानं खुद्द जावास्क्रिप्टमध्येच आली. ती तो वापरत नाही. त्यानं स्वतःचं 'डावीभर' लिहून ठेवलं आहे.

अशी फंक्शनं साठत साठत त्यांची एक लांबलचक फाइल झाली. तिला टेस्ट नाहीत, माहितीपत्रक नाही. तारखेच्या फंक्शनला महिना शून्यापासून द्यायचा की एकपासून, हे फक्त त्यालाच ठाऊक. त्यामुळे तो गणपतीला गावी गेला, की सगळी टीम त्याच्या फोनला रेंज यायची वाट बघते. कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणता म्हणता त्यानं आठ जणांना स्वतःवर अवलंबून ठेवलं.

परवा टीममध्ये एक नवा मुलगा आला. त्यानं ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचली आणि नम्रपणे म्हणाला, "दादा, दुसऱ्याच्या कोडचा काय भरवसा? मी माझं लिहितो. दहा मिनिटांचं काम."

स्वावलंबी ताडकन उठला. "अरे, तयार आहे ना सगळं! मग पुन्हा लिहायचा अट्टाहास कशाला?"