खुल्या पत्रासाठी खुले पत्र

मेहेरबान पेटंट नियंत्रकसाहेब,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई, यांचे सेवेशी

जामसंडे, तालुके देवगड, जिल्हे सिंधुदुर्ग येथील अर्जदाराचा सादर प्रणिपात. विनंती विशेष ऐसी की, आपल्या कचेरीत अर्जाचे छापील नमुने, फीचे तक्ते आणि मुदतींची कोष्टके सिद्ध असताना अर्जदाराने नमुना क्रमांक एकला बगल देऊन चारचौघांत वाचले जाईल असे खुले पत्र लिहावे, हा आपणांस उपमर्द वाटण्याचा संभव आहे. म्हणून आधी त्याचाच खुलासा करतो. ‘पेटंट’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ ‘उघडे असणे’ असा आहे, आणि इंग्लंडचा राजा एखाद्यास मक्ता बहाल करी तेव्हा ती सनद लखोट्यात बंद न करता, मोहोर खाली लोंबती ठेवून, ती न फोडता कोणासही वाचता यावी अशा रीतीने देत असे, म्हणून तिला ‘उघडी पत्रे’ म्हणत. सारांश, आपणांकडून जे मागावयाचे तेच मुळात खुले पत्र आहे. ते बंद पाकिटातून मागण्यात कसले औचित्य?

अर्जाचा विषयही आपल्या दप्तरास परका नाही. 1856 सालच्या 3 मार्च रोजी कलकत्त्याचे स्थापत्य अभियंते जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी सरकारकडे अनन्य हक्काची मागणी केली, आणि ती या देशातील पहिली मागणी होय. त्यांचे यंत्र काय होते, तर पंखा ओढण्याचे. म्हणजे आपल्या कचेरीचा जन्मच मुळी उकाड्यातून झाला. अर्जदार तोच उकाडा घेऊन आपल्या दारी आला आहे, इतकेच. फक्त तो कलकत्त्याऐवजी कोकणातला आहे.

प्रकरण उपस्थित झाले ते असे. यंदाच्या वैशाखात, बागेत हापूसची शेवटची काढणी चालू असता, मुंबईस नोकरीस असलेला आमचा भाचा चार दिवसांच्या रजेवर आला आणि येताना पोलादी नळकांड्यासारखी एक बाटली घेऊन आला. तिच्या बुडाशी ‘पेटंट प्रलंबित’ अशी अक्षरे कोरलेली होती. ही बाटली पाणी चोवीस तास थंड ठेवते, असे त्याने सांगितले, व ते असत्य नव्हते. मात्र पाणी थंड केले कोणी, असे विचारता त्याने निर्विकारपणे आमच्या फ्रीजकडे बोट दाखविले. त्याच दिवशी दुपारी वीज गेली. फ्रीज, संस्थान खालसा झालेल्या राजासारखा, पोशाखानिशी कोपऱ्यात उभा राहिला; आणि भाच्याने कोमट पाण्याने भरलेली ती बाटली तितक्याच निष्ठेने चोवीस तास कोमट राहिली. तिचे कूळ मोठे आहे, हे अर्जदार नाकारीत नाही. 1892 साली जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञाने दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेले काचपात्र प्रयोगशाळेसाठी घडविले, पण पेटंट घेतले नाही. पुढे जर्मनीत त्यावरून थर्मासचा धंदा उभा राहिला, ड्युअरसाहेब न्यायालयात गेले, आणि हात हलवीत परत आले. हे वाचल्यापासून अर्जदाराची झोप उडाली, व त्याची नजर पडवीतल्या मडक्यावर गेली.

शोधाचे नाव अर्जदाराने ‘समीरसेवित द्विकोशीय मृण्मय पेयशीतक पात्र’ असे ठेविले आहे. घरात त्यास ‘काकीचे मडके’ म्हणतात. पडवीच्या पश्चिम अंगास, जेथे दुपारनंतर समुद्रावरचा वारा आयता येतो, तेथे जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर रुंद तोंडाचे, न रंगविलेले मातीचे मडके ठेवावे. त्यात चार बोटे वाळू पसरून मधोमध चिनी मातीची बरणी बसवावी (बरणीत कोकमाचे सरबत असते, आणि कोकमाचा आंबटपणा कल्हई उडालेल्या पितळेची भीड ठेवीत नाही). बरणी आणि मडके यांमधली पोकळी वाळूने भरून तीस पोटभर पाणी पाजावे. वरून जुन्या धोतराचे ओले फडके असे टाकावे की त्याचे पदर मडक्याच्या पोटापर्यंत लोंबत राहतील. आणि मग संध्याकाळपर्यंत कोणीही त्याला हात लावू नये. शेवटची अट पाळली जात नाही. घरात मुले आहेत.

यंत्राची कार्यपद्धती विचारली असता काकी म्हणाली, ‘मडक्याक घाम येवक व्हयो, मगे पाणी थंड जाता.’ आपल्या परीक्षकांसाठी याचे भाषांतर असे की, मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर आलेले पाणी बाष्प होताना मागे राहिलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी असे उडून जाण्यास अदमासे 580 कॅलरी लागतात. तेव्हा पाच लिटर सरबत पाच अंशांनी उतरविण्यास हिशेबाने सुमारे 43 ग्रॅम पाणी, म्हणजे पाव पेला, हवेस नजराणा द्यावे लागते. बाहेरून आत शिरणारी ऊब जमेस धरली तर नजराणा वाढतो, आणि म्हणूनच काकी दर दोन तासांनी फडक्यावर तांब्याभर पाणी ओतते. मडके विकत घेताना ती ते बोटाच्या पेराने वाजवून पाहते; बद्द वाजले तर तडा आहे म्हणून परत, आणि अंगावर झिलई असली तर घाम फुटणार नाही म्हणून तेही परत. तिला गळके नको, पाझरते हवे. या दोहोंतला भेद शब्दांत मांडून दावा म्हणून लिहावा, असा प्रयत्न अर्जदाराने तीन रात्री केला. वाक्य पाऊण पानाचे झाले आणि काकीचे पेर त्यात कोठेच बसेना.

अर्जदाराने आपणास ठाऊक असलेली उत्तमात उत्तम रीत दडवून ठेवू नये, असा कायद्याचा दंडक आहे. त्याच न्यायाने वैगुण्यही दडवू नये. या शोधाचे सर्वांत मोठे वैगुण्य म्हणजे आमचे गाव. नागपुरास पारा 43 अंशांवर आणि हवेतील आर्द्रता 15 टक्के असली म्हणजे बाष्पीभवनाने पाणी 23 अंशांच्या आसपास उतरू शकते. जामसंड्यास पारा 33 आणि आर्द्रता 70 टक्के असताना प्रत्यक्ष वरुणदेव पडवीत येऊन बसला तरी ते 28च्या खाली जावयाचे नाही. जी हवा स्वतःच पाण्याने तुडुंब भरली आहे ती आमचे पाणी घेणार कोठे? म्हणून विदर्भातला पाहुणा आमच्या घरी सरबत पिऊन सौजन्याने ‘वा!’ म्हणतो आणि मग क्षणभर पेल्यात पाहत राहतो. जून लागला की हे पात्र चार महिने पालथे पडते. उन्हाळ्यात मात्र आम्हांस पाच अंश पुष्कळ होतात; ज्याच्या सदऱ्याची पाठ सकाळी नऊलाच भिजलेली असते तो पाच अंशांची किंमत जाणतो.

अर्जदाराने पदरचे संशोधनही एकदा केले आहे. नदीची वाळू आणावयास लांब जावे लागते, आणि मिठमुंबरीचा किनारा जवळ. तेव्हा तेथील शुभ्र, बारीक वाळू दोन पोती भरून आणली आणि मडक्यात घातली. आठच दिवसांत मडक्याच्या अंगावर पांढरा फुलोरा चढला, छिद्रे मिठाने बुजली, घाम थांबला, आणि सरबत वाऱ्यात बसूनही वाऱ्याइतकेच गरम राहू लागले. काकीने मडके उन्हात पालथे घातले आणि एवढेच म्हटले, ‘नावातच मीठ आसा, ता दिसला नाय तुका?’ अर्जदाराच्या मते समग्र अर्जातील मौलिक संशोधन ते हेच. परंतु ते काय करू नये याविषयीचे असल्याने त्यावर मक्ता मिळेल किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.

आता अडचणीची कलमे. अर्ज खऱ्या व पहिल्या संशोधकाने किंवा त्याच्या वतीने करावयाचा असतो. काकीस विचारले, तर ती म्हणते हे सासूने शिकविले, म्हणजे आमच्या आजीने. आजीचे माहेर आचऱ्याचे, तेव्हा चौकशी आचऱ्याच्या खाडीपलीकडे जाते आणि तेथून पुढे ज्या कुंभाराने मडके भाजले त्याच्या पूर्वजांत शिरते. उलट बाजूस इतिहास उभा आहे. अकबराच्या दरबारात पाणी सोऱ्याने थंड करीत, असे अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविले आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र आबदारखाना होता; मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांतही आबदारखाना आणि शरबतखाना ही नावे आढळतात. पातशहास थंड पाण्यासाठी बंदुकीच्या दारूतला सोरा आणि एक अख्खे खाते लागे. काकीस धोतराचा तुकडा पुरतो. तरीही हक्काच्या वाटण्या करू लागल्यास नोटिसा कोणाकोणास बजावाव्या, या विचाराने टपालखर्चाचाच धसका वाटतो. शिवाय अलीकडचे प्रतिस्पर्धी आहेतच. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी विजेवाचून चालणारा मातीचा फ्रीज केला. 2001च्या भूकंपानंतर फुटलेल्या माठाच्या छायाचित्राखाली वर्तमानपत्राने ‘गरिबाचा फ्रीज फुटला’ अशा अर्थाची ओळ छापली, तेथून त्यांना ते सुचले. आणि नायजेरियात महंमद बाह अब्बा या शिक्षकाने मडक्यात मडके व मधे ओली वाळू अशी जोडी भाजी टिकविण्यासाठी खेडोपाडी पोचविली. त्यांच्या मडक्यात वांगी राहत, आमच्या बरणीत कोकम राहते, एवढ्या फरकावर ‘कल्पक पाऊल’ उभे करणे अर्जदारासही जड जाते.

त्यावर 1970च्या कायद्याचे कलम 3. कशास शोध म्हणू नये, याची ती यादी मोठी वाचनीय आहे. त्यातील पोटकलम (एफ) म्हणते, ठाऊक असलेल्या वस्तूंची नुसती मांडामांड हा शोध नव्हे. पोटकलम (पी) म्हणते, परंपरेने चालत आलेले ज्ञान हा शोध नव्हे. मडके, वाळू, बरणी आणि आजी: अर्जदाराचे पात्र दोन्ही पाळ्यांच्या जात्यात एकाच वेळी भरडले जाते.

मग अर्ज कशास? साहेब, हळदीमुळे. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. मूळचे गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी होते. परिषदेने हरकत घेतली आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. परंतु हरकत टिकली ती जुने ग्रंथ आणि 1953 सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला निबंध पुढे ठेवता आला म्हणून. पोराच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबणाऱ्या कोट्यवधी आया त्या खटल्यात साक्षीदार म्हणून निरुपयोगी होत्या, कारण त्या छापलेल्या नव्हत्या. पुढे सरकारने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारले. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांचे ग्रंथ उतरले. मडक्याचा ग्रंथ कोणी लिहिलाच नव्हता, तो उतरणार कोठून? आमच्या कायद्याचे कलम 25 तेवढे उदार आहे: एखाद्या समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानही हरकतीस पुरते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काकी हा दस्तऐवज आहे. ती गोष्ट तिला सांगितली. तिने विचारले, मग स्टँप कोठे मारणार?

एखादा वकिली वाचक येथे अर्जदाराचा हात धरील, की बाबा रे, जे अर्ज दाखल होण्यापूर्वीच छापून झाले त्यात नवीनता उरत नाही. या पत्राने तू आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. ही हरकत अर्जदारास मान्य आहे. ऑनलाइन अर्जाची 1,600 रुपये फीही त्यामुळे वाचली, आणि तेवढ्या रकमेत काकी आमरण मडकी घेऊ शकेल. तरी विनंती एवढीच की, अर्ज फेटाळल्याचा शेरा मारून हे छापील पत्र दप्तरी दाखल करावे, आणि पुढेमागे एखादी पोलादी बाटली अंगावर ओले फडके पांघरून आपल्या टेबलावर आली तर ते तिच्या कागदांस टाचावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक अर्जदार, जामसंडे

ता. क. नमुन्यादाखल एक पात्र, सरबतासह, एस.टी.च्या पार्सलाने रवाना केले आहे. वातानुकूलित दालनात ठेवू नये; वाऱ्याची खिडकी पाहून ठेवावे, आणि शेजारी इतर अर्जदारांची कागदपत्रे असू नयेत, पाझरते. मडके आणि वाळू आपणांकडेच राहू द्यावी. बरणी तेवढी परत पाठवावी. ती काकीच्या रुखवतातली आहे.