काका शपथेवर आहेत

न्यू जर्सीत एडिसन-आयसेलिनच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला साक्षीदारकाका म्हणजे कोण हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याच्या त्याच्या ओळखीत एक असतोच. मुलाच्या घरी राहायला आलेले, वेळ जाईना म्हणून कुठल्याशा दुकानाच्या काउंटरवर उभे राहिलेले, आणि एके दिवशी दुकानातल्या चोरीपायी कोर्टात जाऊन आलेले. फ्रीमाँटमध्ये, शिकागोकडच्या नेपरव्हिलमध्येही असे काका असतील. पण ते कुणी सांगितलेलं झालं. पाहिलेलं नाही. काकांच्या सहवासात राहिलं की हा फरक करायची खोड लागते.

बाहेरून आलेल्या काकांना कुणी सहज विचारावं, "पाऊस आहे का हो अजून?"

"मी आत आलो तेव्हा होता. चार दहाला. आत्ताचं मला सांगता येणार नाही."

"अमक्यांच्या मुलीचं ठरलं म्हणे!"

"तसं ऐकलंय. मी स्वतः पाहिलं नाही."

"लग्न ठरलेलं पाहायचं कसं असतं हो?" काकू विचारतात. त्यावर काका प्रश्न नीट विचारायला सांगतात. एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत, आणि उत्तर आधीच गृहीत धरलेला प्रश्न तर मुळीच नको. हळदीकुंकवाच्या घरी यजमानीण बाईंनी "बटाटेवडे छान झालेत ना?" असं विचारलं, तेव्हा काकांनी तो प्रश्न उत्तर सुचवणारा असल्याची हरकत घेतली होती. मग स्वतःच ती फेटाळून आणखी दोन वडे घेतले. नातवंडांची भांडणं लागली की दोघांना दोन खोल्यांत पाठवून वेगवेगळं विचारतात. एका साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते. लेगोचा किल्ला कुणी मोडला हा खटला असा आठवडाभर चालला, आणि निकाल लागायच्या आत पक्षकारांची दिलजमाई झाली.

हे काका पुण्यात बँकेत हेड कॅशिअर होते. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आईवडिलांची ग्रीन कार्डं केली. पुढे कुणीतरी कानात सांगितलं की सोशल सिक्युरिटीची ४० क्रेडिट जमली की म्हातारपणीची थोडी सोय होते. वर्षाला जास्तीत जास्त चारच क्रेडिट मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं राबायचं. २०२५ सालचा हिशेब असा, की १,८१० डॉलर मिळवले की एक क्रेडिट. न्यू जर्सीतलं त्या वर्षीचं किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर. काका औषधांच्या एका साखळी दुकानात लागले. आयुष्यभर लाखांच्या थप्प्या मोजलेला माणूस खोकल्याचं औषध आणि वाढदिवसाची ग्रीटिंगं विकायला लागला. त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी तक्रार निघाली नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही.

अमेरिकन दुकानांत चोरांचा आवडता माल ठरलेला असतो: दाढीची पाती, बाळांच्या दुधाची पावडर, टाइडच्या बाटल्या. आकाराने बेताचा, भावाने भक्कम, आणि बाहेर पटकन खपणारा. म्हणून पाती काचेच्या कपाटात कुलपात ठेवतात. गिऱ्हाइकाने घंटी दाबायची, मग नोकर किल्ली घेऊन येणार. एका संध्याकाळी ते कपाट कुणीतरी उघडं टाकलं (कोणी, ते काकांनी पाहिलेलं नाही) आणि करड्या जाकिटातल्या एका माणसाने सहा पाकिटं अस्तनीत सारली. अशा वेळी चोराच्या मागे धावायचं नाही हा बऱ्याच साखळी दुकानांचा नियम असतो. काका धावले नाहीत. त्यांनी पावतीच्या कागदाच्या पाठीवर वेळ लिहून ठेवली. माणूस पार्किंगमध्ये सापडला.

मालाची छापील किंमत झाली १८७ डॉलर ४३ सेंट. इथे काकांचा एक घाव अजून ओला आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात २०० डॉलरच्या आतली दुकानचोरी हा किरकोळ गुन्हा. तो गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो. तिथे ज्यूरी नाही, एकटे न्यायाधीश, आणि त्यांच्यासमोर बहुतेक रहदारीच्या पावत्यांची रांग. २०० डॉलर भरले की प्रकरण वरच्या कोर्टाचं होतं, तिथे ज्यूरी मिळू शकते. "बारा डॉलर सत्तावन्न सेंट कमी पडले," काका म्हणतात. त्यात चोराबद्दल राग नसतो, त्याच्या अल्पसंतुष्टपणाबद्दल खंत असते.

अशी बहुतेक प्रकरणं आरोपीने गुन्हा कबूल केल्याने मिटतात. हे मिटलं नाही. समन्स आल्यावर मुलगा वकील शोधायला लागला आणि काकूंनी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकवलं. काकांना ते नवीन नव्हतं. लक्ष्मी रोडवर पोलीस पंचनाम्यासाठी पंच शोधत निघाला की पहिल्या बोळात वळून दिसेनासं व्हायचं, ही विद्या त्यांना विशीतच अवगत होती. चैतन्य ताम्हाणेच्या २०१४ च्या 'कोर्ट' सिनेमात पोलिसांचा एक नेहमीचा, ठेवणीतला साक्षीदार आहे. काकांसारखी मंडळी वर्षानुवर्षं बोळात वळत आली, म्हणून तशा माणसाला काम मिळतं. एडिसनमध्ये वळायला बोळ नव्हता.

काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले, पिशवीत गीता घेऊन. गीतेवर हात ठेवायचा प्रकार हिंदी सिनेमातला. भारतातल्या १९६९ च्या शपथ कायद्यात पुस्तकाचं नाव नाही, आणि अमेरिकेतही देवाची शपथ नको असेल तर नुसतं सत्यकथनाचं वचन चालतं. गीता पिशवीतच राहिली. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, मग नाव पुकारलं. कोर्टात सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. सरकारी वकिलांच्या पहिल्याच प्रश्नावर काकांनी मान हलवली. ती पुणेरी पद्धतीने हलवली, त्यामुळे उत्तर हो की नाही याचा भरखोलीत कुणालाच पत्ता लागेना. न्यायाधीशांनी सांगितलं, उत्तर तोंडाने द्या, मान टेपवर ऐकू येत नाही. तेव्हापासून काका मान हलवत नाहीत. आरतीनंतर गुरुजी "प्रसाद मिळाला ना?" म्हणाले तर मोठ्याने, "हो. मिळाला."

उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही किती अंतरावर होतात? "अकरा फूट चार इंच." कशावरून? "दुकानाची फरशी एक फुटाची आहे. काउंटरपासून कपाटापर्यंत अकरा पूर्ण फरश्या आणि एक कापलेली." चष्मा होता? "होता. मी तो फक्त झोपताना काढतो." वकिलांनी अंतराचा विषय सोडला.

आणि मग ते घडलं. त्या माणसाला पोलिसांनी पार्किंगमध्ये पकडलं हे तुम्हाला कसं कळलं, या प्रश्नावर काका म्हणाले, "मॅनेजर म्हणाला." हरकत! ऐकीव! मान्य! न्यायाधीशांनी शांतपणे समजावलं: तुम्ही स्वतः जे पाहिलंत तेवढंच सांगा. माणसाचं आयुष्य इतक्या छोट्या वाक्याने बदलू शकतं हे साधुसंतांच्या चरित्रांत वाचलेलं असतं.

कारण त्याआधीचे काका वेगळे होते. ते गप्पिष्ट होते, आणि गप्पिष्ट माणूस जितकं खरं बोलतो तितकंच बोलत. त्यांचा पानशेतचा पूर तर अमेरिकेतल्या तीन राज्यांत गाजलेला. १२ जुलै १९६१, नारायण पेठेतला वाडा, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेलं पाणी, खिडकीसमोरून शांतपणे जाणारी म्हैस, आणि तिच्या मागोमाग कुणाचीतरी बाजाची पेटी, सूर लागलेल्या अवस्थेत. दरवर्षी पाणी एखादी पायरी वर चढे. गेल्या गणपतीत कुणीतरी फर्माईश केली, "काका, पानशेत होऊन जाऊ दे!" काका उभे राहिले, घसा खाकरला. "मी तेव्हा चार वर्षांचा होतो. आम्ही आधीच पर्वतीवर गेलो होतो. पाणी मी पाहिलं नाही. म्हशीबद्दल मामा म्हणाले होते." आणि खाली बसले. पोरंसोरं सोडा, काकूंचाही चेहरा पडला. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी ती म्हैस किती वेळा पोहताना पाहिली होती!

शपथेने एवढं खाल्लं, त्या बदल्यात दिलं काय? न्यू जर्सीच्या कायद्यात साक्षीदाराच्या भत्त्याचा जुना दर दिवसाला २ डॉलर आहे, संघराज्याच्या कोर्टांत ४०. काकांना यातलं काही मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. त्यांना साक्षीदारांचं घराणं मिळालं. २००१ च्या डिसेंबरात बेव्हर्ली हिल्सच्या सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यूमध्ये विनोना रायडर ही नटी साडेपाच हजार डॉलरहून जास्त किमतीचा माल घेऊन निघाली. दुकानाच्या सुरक्षारक्षक बाईंनी पुढच्या वर्षी कोर्टात सांगितलं, की कपडे घालून पाहायच्या खोलीच्या दाराच्या फटीतून आपण तिला कात्रीने चोरीरोधक टॅग कापताना पाहिलं. नामांकित वकील त्यांच्यावर तुटून पडला. ज्यूरीत चक्क एका मोठ्या फिल्म कंपनीचा माजी प्रमुख बसला होता. नटी दोषी ठरली: तीन वर्षं प्रोबेशन, ४८० तास समाजसेवा. लोक या खटल्यातली नटी आठवतात. काका त्या बाईंना आठवतात. "फटीतून! तेही चालू दुकानात!" बिस्मिल्लांच्या शहनाईबद्दल बोलावं तसं ते बोलतात.

उलट काकांचा राग बघायचा असेल तर त्यांच्यासमोर ४५ अब्ज डॉलर एवढंच म्हणायचं. २०२१ साली अमेरिकन सिनेटसमोर दुकान-सुरक्षावाल्यांच्या एका संघटनेच्या प्रमुखाने साक्ष दिली, की संघटित टोळ्या देशातल्या दुकानांमधून वर्षाला ४५ अब्जांचा माल पळवतात. आकडा वर्तमानपत्रांत गेला, भाषणांत गेला. २०२३ मध्ये नॅशनल रिटेल फेडरेशन या बड्या संस्थेच्या अहवालात लिहिलं गेलं, की २०२१ सालच्या ९४.५ अब्जांच्या एकूण तुटीतली जवळपास अर्धी टोळ्यांमुळे. शोध घेतल्यावर निघालं ते असं: मूळ आकडा संस्थेच्याच एका जुन्या पाहणीतला, आणि तो होता सगळ्या कारणांनी कमी भरलेल्या मालाचा. त्यात नोकरांच्या चोऱ्या आल्या, नोंदीतल्या चुका आल्या. डिसेंबरात संस्थेने ते विधान मागे घेतलं. देशाच्या संसदेत ऐकीव पुराव्यावर अब्जावधी खपले आणि कुणी हरकत घेतली नाही. इथे एक म्हातारा कापलेली फरशीसुद्धा धरतो.

आता नाइलाजाने काकांच्या बाजूचंही सांगायला हवं. मराठी मंडळींच्या पार्ट्यांत कुणाच्या घटस्फोटाचं, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या मुलाचं काहीतरी शिजत असतं. ते भांडं काकांपाशी आलं की गार होतं. "तुम्ही पाहिलंत?" नाही. "मग कुणी?" जिने सांगितलं ती म्हणे. "तिने पाहिलं?" दोन पायऱ्यांत विषय मरतो. गेल्या वर्षी एका घरच्या सुनेबद्दल असंच काहीतरी उठलं, आणि काकांच्या टेबलापाशी निमालं. त्या सुनेला हे कधी कळलं नसेल. आणि आणखी एक. इतक्या वर्षांत या देशात काकांना कुणी जरा मोठ्याने बोला, सावकाश बोला, आम्हाला प्रत्येक शब्द हवा आहे, असं म्हटलं असेल तर ते त्या एका खोलीत. घरी चिरंजीव लॅपटॉपवर असतात, नातवंडं कानात काहीतरी घालून. आडनावाचं स्पेलिंग विचारून घेतलं, आणि दोनदा तपासलं, तेही त्याच खोलीत.

मिनिआपोलिसच्या दुकानातला तो कॅशिअर मात्र काकांच्या घराण्यात बसत नाही. त्याचा विषय ते काढत नाहीत. २५ मे २०२० ला त्याने जॉर्ज फ्लॉइडकडून २० डॉलरची नोट घेतली. ती खोटी वाटत होती, आणि खोटी नोट घेतली तर ती नोकराच्या पगारातून कापायची असा तिथला नियम. दुकानातून पोलिसांना फोन गेला, आणि पोलिसांच्या हातून फ्लॉइडचा जीव गेला. ३१ मार्च २०२१ ला एकोणीस वर्षांच्या त्या मुलाने कोर्टात सांगितलं, की ती नोट मी घेतलीच नसती तर हे टळलं असतं. काकांनी साक्ष टीव्हीवर पूर्ण पाहिली. स्वतः.

काकूंनी सांगितलेली एक हकिगत आहे. म्हणजे ऐकीव, काकांच्या कोर्टात ती टिकायची नाही. करड्या जाकिटातला तो माणूस मध्यंतरी पुन्हा दुकानात आला. चोरी केलेल्याला दुकानात यायला बंदी असते. दिसला की मॅनेजरने पोलिसांना फोन करायचा. त्याने दुधाचा एक गॅलन आणि पाव घेतला, काकांच्याच काउंटरवर पैसे दिले, काकांनी सुट्टे मोजून हातात ठेवले. तो दाराबाहेर पडल्यावर मॅनेजर घाईघाईने आला. हाच ना तो कोर्टातला?

"सांगता येणार नाही," काका म्हणाले. "माझा चष्मा नव्हता."

चष्मा नाकावर होता. मॅनेजर त्यांच्या तोंडाकडे पाहूनच बोलत होता. पण काका न पाहिलेलं सांगत नाहीत आणि पाहिलेलं लपवत नाहीत हे दुकानात सगळ्यांना ठाऊक. तो बरं म्हणाला, आणि पात्यांच्या कपाटाला कुलूप आहे का ते बघायला गेला.