रेडशिफ्टकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत काका दोनच गोष्टींवरून भांडतात: पाण्याची टाकी आणि विश्वाचं प्रसरण. टाकीचं भांडण मिटतं.

माणूस रेल्वेच्या सिग्नल खात्यातला, आता निवृत्त. वर्षातून दोनदा अमावास्या गाठून वांगणीला जातात आणि दवाने भिजलेलं ब्लँकेट घेऊन पहिल्या लोकलने शिंकत परततात.

त्यांना एक विचारू नये: "रेडशिफ्ट म्हणजे लांब जाणाऱ्या गाडीची शिट्टी बदलते तसंच ना?" रेल्वेचा माणूस, खूश होईल असं वाटून मी विचारलं होतं.

"गाडी रुळावरून पळते हो! इथे रूळच ताणतायत! हायड्रोजनची लाल रेषा निघाली ६५६ नॅनोमीटरवर. वाटेत जागा ताणली, तशी तीही. विश्व दुप्पट ताणलं तर रेषा १३१२ वर. डोळ्याला दिसायचीसुद्धा नाही."

मी मान डोलावली. डोलावणाऱ्याला चहा मिळतो आणि चहाबरोबर हबलची १९२९ ची गोष्ट: दीर्घिका जितकी लांब, तितकी वेगाने दूर पळते. मात्र त्याआधी स्लायफरचं नाव घ्यायचं, कारण १९१२ पासून दीर्घिकांचे वर्णपट घेत बसला होता तो. श्रेय हुकलेल्यांचा काकांना फार कळवळा. स्वतःचं प्रमोशन अडकलं होतं ना!

गणपतीत त्यांनी मुलांना प्रयोग दाखवला. लेंग्याच्या इलॅस्टिकवर दीर्घिका म्हणून बटणं शिवली नि ते ताणलं. प्रत्येक बटणाला वाटावं, बाकीची माझ्यापासूनच पळतायत. लांबचं जास्तच जोरात. पोरं खूश. मग काका १९९८ वर आले. "सगळे समजत होते, गुरुत्वाकर्षणाचा ब्रेक लागलाय, प्रसरणाचा वेग उतरणार. शास्त्रज्ञांच्या दोन तुकड्यांनी लांबचे सुपरनोव्हा तपासले, तर हिशेबापेक्षा अंधुक! म्हणजे जास्त दूर! वेग वाढतोय!" त्या शोधाला मिळालेलं २०११ चं नोबेल तर असं सांगितलं, जणू स्टॉकहोमला हार यांनीच नेले होते.

तिसऱ्या मजल्यावरची सहावीतली पोरगी म्हणाली, "काका, इलॅस्टिक तुम्ही ओढताय. तिकडे कोण ओढतंय?"

"डार्क एनर्जी."

"ते नाव झालं. ओढतंय कोण?"

काका गप्प. काकूंनी इलॅस्टिक परत मागितलं, तेही दिलं नाही. रात्री अकराला मी पाहिलं, लुंगी नेसून गॅलरीत उभे होते. दोन्ही हातांत इलॅस्टिक, हळूहळू ताणत.