चष्मा काढला अन् तात्या विंचू गेला

(स्थळ : कोरपना. पऱ्हाट्यांच्या कुंपणाच्या अलीकडे सून-वयाची शेजारीण, पलीकडे वाळत घातलेल्या वड्यांवरची सिमेंटची धूळ फुंकणाऱ्या काकूजी.)

“काकूजी, राती टीव्ही लई मोठ्यानं चालू होता तुमच्याकडं?”

“नातवानं ‘झपाटलेला २’ लावला होता वं. म्हने, आजी, भेवशील. भेव कायचं, झोप आली मले!”

“थो बाहुल्यावाला? पयल्यानं तर माह्यी झोप उडवली होती.”

“थेच सांगून रायली. पयला १९९३ चा. लक्ष्मीकांत बेर्डे बोलक्या बाहुल्याचा खेळ करनारा, साधाभोळा. त्याच्याच बाहुल्यात तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा शिरते. लक्ष्या बोंबलून सांगते, पन कोनी खरं मानाले तयार नाई. तिथं पोटात गोळा येते, पाय.”

“आमच्या मायनं तवापासून फळीवरच्या बाहुलीचं तोंड भिताडाकडं करून ठेवलं होतं.”

“मंग! बाहुला रामदास पाध्येचा, आवाज दिलीप प्रभावळकरचा. एवढुसा जीव, पन आता पलंगाखाली असन का कपाटात असन, म्हून पाय वर घेऊन बसाचो आमी.”

“अन् दुसऱ्यात काय बिघडलं?”

“थो आला २०१३ मंदी, वीस वर्सानं. लक्ष्मीकांत तर २००४ लेच गेला. म्हून लक्ष्याचा पोरगा दाखवला. काम कोनाचं? आदिनाथ कोठारेचं. डायरेक्टर महेश कोठारेचाच पोरगा.”

“घरचाच पोरगा घेतला म्हना!”

“घेवो ना बाप्पा. सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे, मानसायची कमी नव्हती. पन सारा जोर थ्रीडीवर. घडीघडी काई तरी पडद्यातून आपल्याच अंगावर येते. थेटरात चष्मा लावून बसलेला मान मागं घेत असन. आपल्या टीव्हीवर काय? वस्तू मोठी मोठी होत येते अन् निंगून जाते. कोनाले लागत नाई, गोष्टीले तिचं कामबी नाई. नातू म्हने, आजी, हे काऊन दाखवलं? मी काय सांगू?”

“दुसरा भाग पडतेच म्हना कोनताबी.”

“नाई वं. पुन्याच्या भाच्यानं मले इंग्रजीतल्या ‘एलियन’ची सारी कथा सांगतली. १९७९ चा पयला. आभाळातल्या जहाजात सात मानसं अन् एक जनावर. १९८६ चा दुसरा जेम्स कॅमेरॉनचा, थोबी तेवढाच गाजला. माती झाली १९९२ च्या तिसऱ्यात. दुसऱ्यात जिवावर उदार होऊन वाचवलेली लहान पोरगी, तिच्यासंगचा शिपाई, दोघंबी सुरुवातीलेच मारून टाकले.”

“अगा माय! मंग दुसरा भाग पाहून काय फायदा झाला?”

“लोकबी तसेच चिडले. तिथं लिवनाऱ्यायनं मारले, शिव्या तरी देता येते. आपला लक्ष्या देवानं नेला, कोठारेले कोन बोल लावनार? पन भेवाले समोर भेनारा मानूस लागते. लक्ष्याची बोबडी वळली की आपलीबी वळे. त्याच्या जागी चष्मा देऊन कसं चालन?”

“आता तिसरा काढून रायले म्हने. त्यात लक्ष्याले कॉम्प्युटरनं आनतेत म्हने, थे एआय का काय असते.”

“काय सांगतं! मेलेल्याचा जीव दुसऱ्या खोक्यात घालाचा? हेच तर तात्या विंचूनं केलं होतं!”

“मंग पाहाल का नाई?”

“पाहीन ना. न पाहता नावं ठेवाले मी काय तुह्यी सासू हाव? बरं, थे जाऊ दे. तुह्या नंदेकडं पावने येऊन गेले म्हने, पसंती झाली का नाई, थे सांग आंधी.”